मिटलेल्या डोळ्यांचं काम

१

स्टुडिओत नियम एकच होता. गेलेल्या माणसाच्या फोटोत डोळे मिटलेले असतील आणि ते उघडून द्यायचे असतील, तर डोळे घ्यायचे ते लोखंडी कपाटातल्या पाकिटातलेच. दुसऱ्या कुणाचे नाहीत. आणि का, हे विचारायचं नाही.

मितालीने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती शाळेत होती. कात्रीला हात लावू नको, बॅटरीची वायर ओढू नको, तसलंच काहीतरी असेल असं तिला वाटलं होतं. आता ती कल्याणच्या कॉलेजातून पदवी घेऊन घरी आली होती. पिढ्यानपिढ्या एकच काम एकाच पद्धतीने केलं की माणसं त्याला नियम म्हणायला लागतात, असं तिचं मत होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची.

शहापूरच्या बाजारातला हा स्टुडिओ तिच्या आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, काढलेला. आता बाबा आणि बाळाराम काका तो चालवत. लग्नं, बारशी, ओळखपत्रं ही कामं सगळेच करतात. या स्टुडिओचं नाव होतं ते वेगळ्या कामासाठी. घरातलं माणूस जातं, दहाव्याला पाटावर फोटो ठेवायचा असतो, आणि तेव्हा लक्षात येतं की म्हातारीचा धड एक फोटो नाही. मग कुणाच्या तरी हळदीच्या घोळक्यातलं अर्धं तोंड, नाहीतर उचलायच्या आधी घाईघाईत काढलेला शेवटचा फोटो घेऊन लोक यायचे. बाबा आणि काका त्यातून माणूस उभा करून द्यायचे. अंगावर नीट लुगडं किंवा कोट, मागे निळा पडदा, आणि उघडे डोळे. अप्पांच्या काळी डोळे कात्रीने कापून चिकटवायचे आणि त्याचा पुन्हा फोटो काढायचे. बाबांच्या हातात ते काम स्कॅनरवर आलं. डोळे मात्र तेच राहिले. बाई असो, बाप्या असो, शहापुरापासून मुरबाडापर्यंत किती भिंतींवरून ती एकच नजर खाली बघत असेल, ते कुणी मोजलं नव्हतं.

"लोकांना कळत कसं नाही?" मितालीने एकदा विचारलं होतं.

"माणूस गेल्यावर कोण डोळे पारखून बघतं?" काका म्हणाले. "कुणीतरी बघतंय एवढं त्यांना पुरतं."

"पण आहेत कुणाचे?"

"तुला काम शिकायचंय का चौकशी करायचीय?"

पाकिटातला फोटो तिने बघितला होता. चेहऱ्यावर काळा कागद चिकटवलेला. त्यातल्या चिरेतून दोन डोळे तेवढे दिसत. तरुण, जरासे हसरे.

यंदा दसरा झाला आणि फ्रेमा परत यायला लागल्या. पहिला आला किन्हवलीचा धाऊ. त्याने बापाची तसबीर काउंटरवर उताणी ठेवली.

"देवजीशेठ, बाप आंधळा झाला बघा माझा," तो बाबांना म्हणाला. "जिता होता तवर चष्मा लागला नाय त्याला. मेल्यावर मोतीबिंदू!"

सगळे हसले. मिताली वाकली. कोटाची बटणं लख्ख होती, मिशीचा केस न् केस दिसत होता. डोळ्यांवर मात्र सायीसारखा पांढुरका थर आला होता. काचेवरून बोट फिरवलं तरी तो जाईना, कारण तो काचेवर नव्हताच.

"ओल धरली असंल," बाबा म्हणाले. "पावसाळा लय झाला औंदा."

"ओल फक्त डोळ्यांत धरते का, बाबा?"

बाबांनी मागच्या दाराकडे बघितलं.

२

मागच्या दारापलीकडे पूर्वीची डार्करूम होती आणि तिथे वत्सला आत्या राहायची. काकांहून लहान, बाबांहून मोठी. तिचं लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हेही विचारायच्या गोष्टींत येत नव्हतं. मितालीची आई पहाटे आसनगावला जाऊन ठाण्याची गाडी धरायची ती दिवेलागणीला परत यायची, त्यामुळे मितालीचं लहानपण या आत्याच्या पायाशी गेलं होतं. खोलीला खिडकी नव्हती. अप्पांनी ती कधीच बुजवली होती.

आत्या डोळे मिटायची नाही. लहानपणी मितालीला वाटायचं, ती झोपतच नाही. पुढे कळलं की झोपते, पण डोळे उघडे ठेवून. त्यामुळे डोळे कोरडे पडून लाल व्हायचे आणि रोज दुपारी त्यांत थेंब घालायचं काम मितालीकडे होतं. यंदा त्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढला होता. डॉक्टरांनी सांगितलं, साधं ऑपरेशन आहे. बाबा आणि काका तिच्या मागे लागले होते. आत्याच तयार नव्हती.

"राहू दे गो," ती मितालीला म्हणायची. "जरा धुरकट असलेलं बरं असतं."

त्या दुपारी थेंब घालून घेताना आत्या मध्येच बोलली, "धाऊने कपाट हलवलं. खिडकीकडं नेलं. आता त्याची पोर दिसत नाय मला अभ्यास करताना."

मितालीने बाटलीचं झाकण लावलं. धाऊ सकाळी स्टुडिओत मोठ्याने बोलत होता, दार लोटलेलं होतं, आत ऐकू आलं असेल. एकटं माणूस ऐकलेल्या चार शब्दांना आठ जोडतं. तिने विषय सोडून दिला. धाऊ कपाटाबद्दल काही बोलला होता का, हे मात्र तिला काही केल्या आठवेना.

तिच्या डोक्यात तेव्हा नवा कॅमेरा होता. बाबांशी वर्षभर भांडून तिने तो घ्यायला लावला होता. नवीन कॅमेरे, सॉफ्टवेअरं, फोनला लावून उष्णता दाखवणारी भिंगं, काठीवर धरून चारही बाजू टिपणारे गोळे, असलं सगळं ती मागवायची, वापरून बघायची आणि त्यावर मराठीत व्हिडिओ करून टाकायची. "हे घेऊ नका, पैसे पाण्यात जातील" हे ती ज्या तडफेने सांगायची, त्यासाठी लोक तिचे व्हिडिओ बघायचे. या कॅमेऱ्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो डोळा शोधायचा. माणूस समोर आला की पडद्यावर एक छोटा पांढरा चौकोन उमटायचा आणि बुबुळाला चिकटून बसायचा. माणूस हलो, वळो, चौकोन सुटायचा नाही. मितालीने चहावाल्यावर करून बघितलं, शेजारच्या बाकावर पेंगणाऱ्या कुत्र्यावर बघितलं. आता तिला कमी उजेडात तो चालतो का ते बघायचं होतं, आणि घरात कमी उजेडाची जागा एकच होती.

आत्याच्या खोलीत कॅमेरा न्यायचा नाही, हेही कुणीतरी कधीतरी सांगितलेलं होतं.

आत्या पलंगावर बसली होती. मितालीने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकोन आत्याच्या चेहऱ्यावर आला, डाव्या डोळ्याशी थबकला आणि सुटला. भिंतीवर गेला. दारावर गेला. पुन्हा चेहऱ्याजवळ आला, कपाळावरून घसरला आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या खुंटीवर जाऊन थरथरत राहिला. तिने ट्यूबलाइट लावली. तरी तेच. आत्या तिच्याकडे टक लावून बघत होती आणि कॅमेरा ते डोळे खोलीभर शोधत होता.

मोतीबिंदूमुळे असेल, तिने ठरवलं. बुबुळावर चमक येत असेल. व्हिडिओत ही खोट सांगायला हवी, असं तिने मनाशी म्हटलं. पण तो व्हिडिओ तिने केला नाही.

३

रत्नदीप आला तेव्हा बाबा आणि काका वासिंदला साखरपुड्याच्या ऑर्डरवर गेले होते. शहापूरच्या एका पतपेढीत कामाला असणारा तिशीचा तरुण, राहायला सरळगावला. त्याची आई जानकीबाई गेली होती, घरात आता तो एकटाच होता, आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ आला होता. त्याने फोन पुढे केला.

"आईचा एक फोटो सरळ नाय, ताई. कॅमेरा समोर आला की डोळे मिटायची. आमी हसायचो तिला. तीही हसायची, पन मिटायचीच."

खरोखरच प्रत्येक फोटोत तिचे डोळे मिटलेले होते. विहारातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमात, भाच्याच्या वाढदिवसाला, उंबऱ्यात तांदूळ निवडताना.

"कधीपर्यंत हवाय?"

"आज मिळाला तर फ्रेम करून घेऊन जाईन. कार्यक्रमापर्यंत सुट्टी काढलीय, पन तयारीत परत यायला जमायचं नाय."

मितालीने काकांना फोन लावला. पलीकडे डीजे दणदणत होता. "चावी माझ्या खिशात हाय," एवढं ऐकू आलं आणि फोन कटला. कपाट बंद. समोर माणूस हातात फोन धरून उभा.

आणि तिच्याकडे नवं सॉफ्टवेअर होतं. त्यात बटणच होतं, डोळे उघडण्याचं. फक्त नमुन्याला एक फोटो द्यावा लागायचा. सकाळीच तिने कॅमेरा आरशासमोर धरून स्वतःचे फोटो काढले होते, पापणीचा केस मोजता येईल इतके स्वच्छ. तिने त्यातला एक दिला. काका काळ्या कागदाच्या चिरेतून जे दिवसभर बसून करायचे, ते चहा निवायच्या आत झालं. सॉफ्टवेअरने बुबुळांचा तजेला उतरवला, पापण्या सैल केल्या, कडांना सुरकुत्या घातल्या. जानकीबाईंनी डोळे उघडले.

रत्नदीप स्क्रीनजवळ वाकला.

"अशीच बघायची," तो म्हणाला. "कामावरून आलो की. अगदी अशीच."

मितालीला अभिमान वाटला. उगाच कशाला खोटं बोला, चांगलाच वाटला.

संध्याकाळी काका आले. काउंटरवरचा नमुना बघून त्यांनी खिशातली चावी चाचपली. "हे कसं केलंस?"

"माझे डोळे घातले."

बाबा उभे होते ते खुर्चीवर बसले. आता काका बोलतील, ओरडतील, म्हणून तिने कंबर कसली. चहा सांडला तर आवाज चढवणारा माणूस. पण काकांनी नुसती मान हलवली, आणि रात्री जेवताना स्वतःच्या ताटातला बोंबील उचलून तिच्या ताटात ठेवला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

४

रविवार झाला. सोमवारी दुपारी ती स्टुडिओत एकटी होती. समोरच्या रसवंतीचे घुंगरू सावकाश वाजत होते. सकाळपासून स्क्रीनसमोर बसून डोळे चुरचुरायला लागले, म्हणून तिने खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

अंधार व्हायला हवा होता. झाला नाही.

ती एका खोलीत वरून बघत होती. अगदी खाली टीव्हीची मागची कड, तिच्यावर धूळ. निळ्या चुन्याची भिंत. प्लास्टिकच्या खुर्चीवर ओला टॉवेल. टेबलफॅन इकडून तिकडे मान वळवत होता आणि त्याची झुळूक तिला लागत नव्हती. जमिनीवर एक माणूस मांडीत ताट घेऊन जेवत होता. वरून त्याचा भांग दिसत होता. त्याने तांब्याला हात घातला, तांब्या कलंडला, पाणी फरशीवर पसरलं. आवाज झाला नाही. आवाज होता तो घुंगरांचा. रसवंती तिच्या कानाशी होती आणि डोळ्यांसमोर ते पाणी, पसरत जाणारं, अगदी मुकं.

माणसाने वर बघितलं. थेट तिच्याकडे. त्याचे ओठ हलले. तो रत्नदीप होता.

ती ताडकन उठली. खुर्ची मागे आपटली. स्टुडिओ होता तसाच होता.

मिताली घाबरली, पण तिला घाबरण्याचाच जास्त राग आला. डोळ्यांना ताण पडला की काहीबाही दिसतं. त्याचा चेहरा लक्षात होता, एकटा राहतो हे माहीत होतं, बाकी मनाने रचलं. निळी भिंत तर या पट्ट्यात घरोघर असते. तिने तोंड धुतलं आणि मुद्दाम पुन्हा डोळे मिटले. खोली तिथेच होती. रत्नदीप आता फडक्याने पाणी पुसत होता.

कॉलेजात तिला एक गोष्ट पक्की शिकवली होती, दिसलेलं तपासून बघायचं. घरी कुणाला न सांगता तिने दुसऱ्या दिवशी किन्हवलीमार्गे सरळगावला जाणारी एसटी धरली. वाटेत दोन्ही बाजूंना भात पिकून पिवळा झाला होता, कापणीला बाया वाकल्या होत्या. मिताली डोळे उघडे ठेवून बसली. पापणी लवतानाही मध्ये काहीतरी निळं चमकून जायचं.

५

"अरे, ताई! तुमी कशाला आलात एवढ्या लांब?" रत्नदीपने खुर्चीवरचा ओला टॉवेल उचलला. "बसा."

ती बसली नाही. निळी भिंत. मान वळवणारा फॅन. टीव्ही, आणि टीव्हीच्या वर बुद्धांच्या तसबिरीशेजारी जानकीबाई. फरशीवर पाण्याचा पुसट डाग अजून होता.

तिने पिशवीतून दुसरा फोटो काढला. मिटलेल्या डोळ्यांचा, तांदूळ निवडतानाचा, छान उजळून केलेला. वाटेत तिने काय बोलायचं ते ठरवलं होतं. "तो फोटो घाईत झाला होता. त्यात चुका राहिल्यात. हा जास्त चांगला आहे, खऱ्यासारखा. मी बदलून देते."

रत्नदीपने तो हातात घेतला, बघितला आणि दोन्ही हातांनी परत दिला.

"हा पन ठेवतो वाटल्यास. पन तो नका काढू, ताई."

"अहो, त्यातले डोळे..."

"माहितेय मला. कॉम्प्युटरवर केलेत. मी काय खुळा नाय." तो जरा लाजला. "पैल्या दिवसात मी घरात शिरलो की रडायचो. शेजारी काय म्हणतील म्हणून टीव्ही लावून रडायचो. आता कुणीतरी बघतंय, म्हणून रडत नाय. काल तांब्या सांडला तर मी तिला म्हनलं, ओरडू नको, पुसतो. बसा ना, चहा टाकतो."

तो आत गेला. स्टोव्हचा आवाज सुरू झाला. मिताली त्या तसबिरीखाली उभी होती. डोळे तिचेच होते, पण सॉफ्टवेअरने इतके उतरवलेले की ते तिला ओळखीचे वाटत नव्हते. कुणातरी म्हाताऱ्या बाईचे होते ते, थोडे दमलेले.

एकदाच, तिने मनाशी म्हटलं, आणि डोळे मिटले.

खाली खोलीत एक मुलगी उभी होती. खांद्यावर पिशवी, हातात फोटो, चेहरा वर केलेला आणि डोळे घट्ट मिटलेले. मितालीने उजवा हात उचलला. खालच्या मुलीनेही उचलला. हात हवेत तसाच राहिला.

तिला किंचाळावंसं वाटायला हवं होतं. पण वरून बघताना त्या मुलीबद्दल तिला काहीच वाटलं नाही. कुणीतरी आलेलं होतं. थोड्या वेळाने जाणार होतं. मुलगा आत चहा करत होता, त्याने दुपारी नीट जेवण केलं नव्हतं, आणि मन होतं ते सगळं त्याच्याकडे होतं.

"साखर किती?" स्टोव्हच्या आवाजातून हाक आली. डोळे उघडायला तिला इतकं बळ लागलं की तिने खुर्चीची पाठ धरली.

चहा न पिताच ती निघाली. तसबीर तिथेच राहिली. ती मागायला तिची जीभ उचलली नाही.

६

शहापूरला उतरून ती सरळ मागच्या खोलीत गेली. थेंबांची वेळ टळून गेली होती. आत्याचे डोळे लाल झाले होते. मितालीने बाटली उचलली तसा आत्याने तिचा मनगटाशी हात धरला.

"कोणाचं घर?"

मितालीने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"सरळगावला," ती म्हणाली. "एक मुलगा आहे. एकटा."

"एकच?" आत्याने सुस्कारा सोडला. "एक असलं की बरं असतं गो. पाव्हण्यासारखं. मग वाढतात. मग सगळी एकदमच येतात. कोन जेवतंय, कोन भांडतंय, कोन अंथरुनाला खिळलंय. आवाज नाय कुनाचा. डोळे मिटले की मी इतक्या घरात असते आनी एकाही घरात मला बसायला कोन सांगत नाय. म्हनून मिटायचंच सोडलं."

मिताली तिच्या पायाशी बसली. मनातल्या मनात ती अजून भांडत होती. वय झालं आहे, एकटी आहे, आपणही दमलो आहोत, दोन थकलेली डोकी एकमेकींना साथ देतात. पण डोळे मिटायचं ती टाळत होती.

"हे कुणी केलं, आत्या?"

"अप्पांनी एक फोटो काढला माझा. तेवढाच." आत्याने पदर सारखा केला, जणू समोर कुणी बसलं होतं. "नवी साडी आणली होती. म्हनाले, स्टुलावर बस, जरा हस. मला वाटलं, स्थळाला दाखवायला काढतायत."

घुंगरांचा आवाज बाहेर केव्हाचा थांबला होता.

"सगळी हार घालतात," आत्या म्हणाली. "कोन आई म्हनतं, कोन बाबा म्हनतं. वत्सला कोन म्हनत नाय. आता धुरकट झालंय. मला वाटतं, सुटेन."

थेंब घालून झाल्यावर मितालीने स्टुडिओत येऊन कॅमेरा आरशासमोर धरला. पांढरा चौकोन तिच्या डोळ्यावर आला. तिथे थांबला. मग एकदा, अगदी क्षणभर, तो सुटून दाराकडे गेला आणि परत आला.

७

पुढच्या रविवारी सकाळी काकांनी तिला हाक मारली तेव्हा शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. परत आलेल्या फ्रेमा भिंतीला तोंड करून रचून ठेवल्या होत्या. निळा पडदा टांगलेला, त्याच्यापुढे स्टूल, आणि स्टुलासमोर तिपाईवर मितालीचा नवा कॅमेरा. बाबा पडद्याची सुरकुती सारखी करत होते. ती केव्हाच सारखी झाली होती.

"बस," काका म्हणाले. "एकच फोटो."

"कशाला?"

"तुला ठाऊक हाय कशाला. मंगळवारी सरळगावच्या गाडीतनं उतरताना धाऊने तुला बघितलं, तो बोलला मला. तुझं तोंड बघून समजलंच बाकीचं." त्यांचा आवाज मऊ होता, बोंबील वाढताना होता तसाच. "वत्सला ऑपरेशनला नाय म्हनते. आता तिचे डोळे किती दिवस चालनार? रोज फ्रेमा येतायत. लोकांना काय सांगू, ओल?"

"सांगा ना. इतकी वर्षं सांगताच आहात काहीतरी."

"मिताली," बाबा म्हणाले. "लोकांची मानसं हायत ती, पोरी. त्यांनी कुनाकडं बघायचं? तू बघितलंस ना त्या पोराला? त्याला बरं वाटलं का नाय, सांग."

बरं वाटलं होतं, हे खरं होतं आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

"मंग?" काकांनी तिपाई जराशी पुढे सरकवली. "एक घर झालंच हाय तुझं. सुरुवात झाली. आता एक काय आनी..."

"एक घर माझ्या चुकीने झालंय," मिताली म्हणाली. "न विचारता केलं म्हणून झालं, आणि तुम्ही न सांगितल्यामुळे झालं. ते मी सांभाळीन. तो मुलगा जेवला की नाही ते बघीन. पण दुसरं घर नाही. आजपासून या दुकानातून मिटलेले डोळे मिटलेलेच जातील."

"लोक येनार नायत मंग."

"नाही आले तर नाही आले."

"तोंड सांभाळून बोल! अप्पांनी उभं केलंय हे. त्या कामावर तुझं शिक्षण झालं, हा कॅमेरा त्यावर आला. आमी काय जगावेगळं मागतोय? घरातल्या पोरीने घरासाठी एवढं..."

"घरातल्या पोरीनेच का?"

काकांचा तिपाईवरचा हात मागे आला.

"अप्पांना तीन मुलं होती," मिताली म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता आणि तिला तो आवरायचा नव्हता. "थोरले तुम्ही. धाकटे बाबा. डोळे तुम्हालाही होते. मधलीलाच नवी साडी का नेसवली? तिला काय सांगून बसवली? त्यानंतर इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकाने तरी म्हटलं का, की आता हिचं पुरे, काही घरं मी घेतो?"

बाबांच्या हातातून पडद्याची कड सुटली.

"मी बसणार नाही. आज नाही, पुढे नाही, तुम्ही जेवण बंद केलंत तरी नाही." ती तिपाईमागे जाऊन उभी राहिली. कॅमेरा चालू केला. "स्टूल तयार आहे, पडदा तयार आहे. लोकांची माणसं आंधळी राहू नयेत असं वाटतं ना? बसा काका. फोटो मी काढते."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबा फरशीकडे बघत होते.

मागचं दार उघडलं. वत्सला आत्या चौकटीला धरून उभी होती. कित्येक वर्षांत ती या बाजूला आली नव्हती. उजेडाने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. स्टूल कुठे आहे हे तिला दिसत होतं की नाही कोण जाणे, पण तिने तोंड बरोबर तिकडेच केलं.

"बस की, दादा," ती म्हणाली, पान वाढून झाल्यावर म्हणावं तसं.

काकांनी अर्ध्या ओढलेल्या शटरकडे तोंड फिरवलं. बाबांनी सुटलेली पडद्याची कड पुन्हा हातात घेतली. मिताली कॅमेऱ्यामागे थांबली, आत्या चौकटीत थांबली, आणि दोघींनी वाट बघितली तरी त्या दोघांपैकी कुणीच स्टुलाकडे गेलं नाही.